परदेशी शिकणाऱ्याचे ताट



गेल्या वर्षी याच मंडपाच्या दाराशी बोईसरचे एक गृहस्थ आम्हांला भेटले. त्यांचा मुलगा जर्मनीत शिकावयास गेला होता. तिकडची थंडी, मुलाचा अभ्यास, परतीचा बेत, सारे बोलून झाले. मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "तो तिकडे खातो काय, हे मात्र विचारायचा धीर होत नाही." आम्ही तेव्हा हसलो. परंतु घरी जाताना वाटेत मनात आले की या गृहस्थांच्या प्रश्नाला निदान चारशे वर्षांचे वय आहे, आणि तो आपल्याच किनाऱ्यावर जन्मलेला आहे. यंदाच्या व्याख्यानाचा विषय असा त्या दाराशी मिळाला.

माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर, डहाणू हा सारा किनारा सुमारे दोनशे वर्षे फिरंग्यांच्या अमलाखाली होता. तारापूरचे तट आपण येता-जाता पाहतो. १७३९ च्या जानेवारीत ते तट सर करताना चिमाजीअप्पांच्या फौजेतला बाजी भीवराव रेठरेकरांसारखा मोहरा पडला. पुढे त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसई हाती आली. हा इतिहास शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पण त्या अमलाची एक आठवण कोणत्याही बखरीपेक्षा बायकांच्या तोंडी अधिक टिकली. ती म्हणजे विहिरीतल्या पावाची. फिरंग्यांनी रात्री गावच्या विहिरीत पाव टाकला, सकाळी लोक ते पाणी प्याले, आणि सारे गाव बाटले. वसईपासून वर अशी कथा ऐकू येते. ती अक्षरशः किती खरी, हा वाद आम्ही आज घालीत नाही. धर्मांतरे झाली ती जुलमाने, लोभाने, काही समजून-उमजूनही झाली. एवढा मोठा व्यवहार एका पावावर झाला असेल असे आम्हांला वाटत नाही. परंतु लोकांनी ती गोष्ट त्याच रूपात का जपली, हे पाहण्यासारखे आहे. परका मनुष्य आपल्या घरात शिरतो तो तोंडावाटे, अशी या किनाऱ्याची समजूत होती. घास गेला की धर्म गेला.

मौज अशी की याच फिरंग्यांबरोबर दुसरे जिन्नस आले, आणि त्यांना कोणी हरकत घेतली नाही. मिरची त्यांनी आणली. बटाटा हे नावच त्यांच्या भाषेतले. अननस, पपई, पेरू, काजू हे सगळे अमेरिकेकडचे पाहुणे. डहाणू-घोलवडच्या ज्या चिकूवर आपण अभिमान सांगतो, त्याचे कूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिका या बाजूचे. आणि एकादशीच्या ताटाकडे जरा पाहा: साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो अमेरिकेतला, शेंगदाणा अमेरिकेतला, बटाटा अमेरिकेतला, वरची हिरवी मिरचीही तिकडचीच. पावाच्या तुकड्याने जो बाटला, तो उपवासाला जवळजवळ अख्खी दक्षिण अमेरिका खात होता! आमच्या आजीला हे सांगितले असते तर तिने आम्हांला पंगतीतून उठवले असते. असो.

आता याच काळात उलट्या दिशेने आलेल्या एका शिकणाऱ्याची गोष्ट सांगतो. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडातल्या विल्टशर परगण्यातला. कॅथलिक माणसाला त्या वेळी इंग्लंडात सुखाने राहता येत नसे. तो रोमला गेला, १५७५ साली जेझुइट संघात शिरला आणि १५७९ च्या ४ एप्रिलला लिस्बनहून गलबतात बसला. गोव्याला पाय लागला तो २४ ऑक्टोबरला. साडेसहा महिने पाणीच पाणी. बापाला त्याने या प्रवासाचे जे पत्र लिहिले, त्यात खलाशांच्या सुजलेल्या हिरड्या आहेत, वाऱ्यांचे हिशेब आहेत, समुद्रावरचे पक्षी आणि मासेही आहेत.

चार वर्षांनी, १५८३ साली, त्याने भावाला जे पत्र लिहिले, ते आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. त्यात तो नारळाच्या झाडावर थांबतो. थांबतो म्हणजे अगदी बसकण मारतो. या झाडापासून तेल होते, ताडीसारखे पेय होते, गूळ-साखर होते, आंबही होते. सोडणाचे दोर वळतात, झावळ्यांनी घर शाकारतात, करवंटीचा कोळसा लोहार वापरतो. शहाळ्यातले पाणी त्याला हलक्या बिअरसारखे वाटले; एक प्यायले की दुसऱ्याची इच्छा राहत नाही, असे तो लिहितो. आता या वर्णनात तुम्हांआम्हांला नवे काय आहे? काहीच नाही. केळव्याच्या वाडीतले शेंबडे पोर हे सांगेल. पण ज्याने जन्मात नारळ पाहिला नव्हता, त्याने सोडण कुठे जाते, करवंटी कुठे जाते, हे लोहाराच्या भात्यापर्यंत जाऊन पाहिलेले आहे. याला आम्ही शिकणे म्हणतो.

त्याच पत्रात पुढे तो इकडच्या भाषांविषयी लिहितो की त्यांचा उच्चार कानाला वाईट लागत नाही आणि त्यांची घडण ग्रीक-लॅटिनच्या जवळची आहे. सर विल्यम जोन्सने हे नाते कलकत्त्यास मांडले ते १७८६ साली, म्हणजे दोनशे वर्षांनंतर. स्टीफन्सचे बहुतेक आयुष्य गोव्याच्या साष्टी भागात गेले. काही काळ तो आपल्या बाजूला, वसईकडेही होता. १६१६ साली रायतूरला त्याचे क्रिस्तपुराण छापून निघाले. ओवीबद्ध, आणि तेही रोमन लिपीत. मराठीची थोरवी सांगताना त्याला तुलनेसाठी इंग्लंडातला गुलाब आठवला नाही. मोगरा आठवला, कस्तुरी आठवली, मोर आणि कल्पतरू आठवले. सदतीस वर्षे इथले खाल्ले-प्याले, इथल्या वासांत वावरला, तेव्हा कुठे ती उपमा आतून आली.

येथे आमच्यावर आक्षेप येईल. स्टीफन्स आला तो आपला धर्म सोडविण्यासाठी, त्याचे गोडवे काय गाता? आक्षेप खरा आहे. त्याच्या मागे फिरंगी तोफा होत्या. किंबहुना आम्हांला जे सांगावयाचे आहे ते तेथेच आहे. स्टीफन्सने शहाळे फोडले, भात खाल्ला, आणि त्याला कोणीही विचारले नाही की बाबा, आता तू ख्रिस्ती राहिलास काय? ज्याच्या पाठीशी राज्य असते त्याचा घास त्याच्या मालकीचा असतो. अगदी अलीकडची गोष्ट घ्या. तारापूरच्या अणुवीजकेंद्राचा करार जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीशी १९६४ साली झाला आणि १९६९ च्या ऑक्टोबरात केंद्र सुरू झाले. त्या वर्षांत अमेरिकन अभियंते येथे होते. त्यांनी आपले सुके बोंबील चाखले की डब्यातलेच अन्न खाल्ले, याचा जाब त्यांना मायदेशी कोणत्या पंचायतीने विचारला असेल असे आम्हांला तरी वाटत नाही.

आता याच्या शेजारी आपल्या जिल्ह्याची एक मुलगी उभी करू. आपल्या म्हणतो ते जाणूनबुजून. पालघर जिल्हा वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. त्यापूर्वी आपला माहीम तालुका काय आणि कल्याण काय, एकाच ठाणे जिल्ह्यातले. कल्याणच्या जोश्यांची यमुना, लग्नानंतरची आनंदी, १८६५ साली जन्मली. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल, आणि ते मूल दहाव्या दिवशी गेले. वेळेवर स्त्री-डॉक्टर मिळती तर ते वाचते, हे तिच्या मनात बसले. गोपाळराव जोशी टपालखात्यात. त्यांनी बायकोच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनऱ्यांना लिहिले, तर उत्तराचा सूर असा की आधी ख्रिस्ती व्हा, मग पाहू. हा पत्रव्यवहार एका मिशनरी मासिकात छापला गेला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर दंतवैद्याकडे बसल्या असताना तो अंक त्यांच्या हाती पडला, आणि त्यांनी आपण होऊन पत्र लिहिले. धर्माची अट नाही, या माझ्या घरी. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

१८८३ च्या २४ फेब्रुवारीला श्रीरामपूर कॉलेजच्या दिवाणखान्यात या अठराव्या वर्षातल्या मुलीने भर सभेत भाषण केले. एकेका आक्षेपाला उत्तर दिले. त्यात मुख्य वचन हे, की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणून परत येऊन येथेच राहीन. टाळ्या झाल्या असतील. पण या वचनाचा व्यवहारातला अर्थ काय होतो? धर्म पाळला की नाही हे तपासणार कशावरून? कपाळावरच्या कुंकवावरून, लुगड्यावरून, आणि ताटावरून. स्टीफन्सला जे कोणी विचारले नाही ते आनंदीबाईंना समुद्राच्या दोन्ही तीरांवरून विचारले जाणार होते. ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. सोबत मिशनरी बायका. मांस घेत नाही म्हणताच जहाजावरच्या ताटात उरणार काय, याची कल्पना कोणीही करावी.

रोझेलला मात्र त्यांनी एक सुंदर गोष्ट केली. मावशीच्या शेजारच्या मंडळींना जेवावयास बोलावले. स्वयंपाक स्वतः केला, जमिनीवर पंगत मांडली, काही बायकांना आपली लुगडी नेसवली आणि सर्वांना हाताने जेवावयास लावले. लहानपणापासून काट्या-चमच्याने खाणाऱ्यांची तेव्हा काय त्रेधा उडाली असेल! परक्या देशी पाहुणी म्हणून गेलेली मुलगी त्या दिवशी यजमानीण झाली. दुसऱ्याच्या ताटातले न खाता त्याला आपल्या ताटावर बसविणे, ही तोड तिला सुचली, आणि तिने वचनही मोडले नाही, माणसेही तोडली नाहीत.

फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातली तीन वर्षे इतकी गोड नव्हती. खोलीतली शेगडी नीट पेटेना, धूर कोंडे, स्वतःच रांधायचे, आणि रात्री अभ्यास. नऊवारीने पोटऱ्या उघड्या राहतात, तिकडच्या हिवाळ्यात ते चालेना; तेव्हा त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास सुरुवात केली. एवढ्या बदलाचाही खुलासा हजारो मैलांवरच्या नवऱ्याला पत्राने करावा लागला. ज्याने हट्टाने शिकविले, त्याचीच पत्रे मधूनमधून संशयाने बोचणारी असत. प्रकृती ढासळत गेली. क्षयाचे कारण अन्न की थंडी की मुळातच अशक्त झालेला देह, याचा निवाडा आम्ही करणार नाही. परंतु बर्फात राहणाऱ्या मुलीने काय खावे, काय नेसावे, हे पुण्या-कल्याणच्या हवेवरून ठरत होते, एवढे खरे. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली.

त्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. त्यांची हकीकत तर विहिरीतल्या पावाची गोष्ट पुरती उलटी करणारी. १८८३ सालीच त्या शिकावयास इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे ख्रिस्ती झाल्या. आता तरी बाईंनी सर्व खावे की नाही? त्या खाईनात! मांस नाही, आणि अंडे घातलेले पुडिंगही नाही. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममातेला हे आवडेना. जुन्या जातीचा अहंकार अजून सुटला नाही, असा तिचा रोख. रमाबाईंनी आपली बाजू पत्रातून स्पष्ट मांडली. आमच्या गावच्या समजुतीप्रमाणे घास बदलला की धर्म बदलतो. येथे धर्म बदलला आणि घास जेथल्या तेथे. गंमत पाहा, पुण्याच्या शास्त्र्यांनी आणि वाँटेजच्या सिस्टरांनी एकमेकांची तोंडे पाहिली नसतील, पण माणसाचा धर्म त्याच्या ताटात शोधावा याविषयी दोघांचे एकमत होते.

याच बाईंनी पुढे अमेरिका पायाखाली घातली आणि १८८९ साली त्या देशाच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक छापले. नायगराचा धबधबा पाहिला, शाळा पाहिल्या, बायकांच्या संस्था पाहिल्या, आणि काळ्या लोकांस व तेथल्या मूळ रहिवाशांस गोरे कसे वागवितात तेही पाहून लिहिले. पुडिंग न खाल्ल्याने त्यांच्या डोळ्यांना काही कमी दिसले, असे ते पुस्तक वाचून तरी वाटत नाही.

बोईसरच्या त्या गृहस्थांची नंतर एकदा गाडीत भेट झाली. त्यांनी अखेर मुलाला विचारले होते. मुलगा तेथल्या घरमालकिणीकडून काळी पावरोटी भाजावयास शिकला होता, आणि वडिलांकडे त्याने उकडहंडीचा मसाला मागितला होता, तिला करून घालण्यासाठी. मसाला पाठविताना बापाने डब्यावर बायकोकडून कृती लिहून घेतली होती.

आनंदीबाई १८८६ च्या नोव्हेंबरात परतल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातली नेमणूक झालेली होती. तेथे रुजू होणे घडलेच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या वारल्या. वय बावीसही पुरे नव्हते. हिंदू म्हणून परत येईन हे वचन त्यांनी पाळले होते. दहनही हिंदू रीतीने झाले. त्यानंतर गोपाळरावांनी रक्षा अमेरिकेत मावशीकडे पाठविली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी कार्पेंटर मंडळींच्या दफनभूमीत, त्यांच्या घरच्या माणसांच्या रांगेत, ती ठेवली आहे आणि वर दगड बसविला आहे.