सोवळं, साडी आणि कार्ल्याच्या पायऱ्या



२०२५ च्या जुलैत कार्ल्याच्या एकवीरा देवस्थानाने पोशाखाचे नियम लागू केले, तेव्हा माझी भाची मुंबईहून वलवणला आली होती. आम्ही जैन असलो तरी पाहुणे आले की एकवीरेला जाणं होतंच, मावळात राहून ते टळत नाही. बातमी वाचून तिने गुडघ्यावर फाटलेली जीन्स बॅगेत परत कोंबली आणि विचारलं, "मावशी, हा नियम कधीपासूनचा गं?"

मला आधी माहेर आठवलं. कोल्हापूरकडे आमचे दादा अभिषेकाला जाताना शुद्धीचं धोतर आणि दुपट्टा नेसत. ते वेगळ्या दोरीवर वाळायचं. आम्हा पोरींचा हात लागला की पुन्हा पाण्यात. आईचीही पूजेची साडी निराळी. अंग किती झाकलं हा प्रश्नच नसे. कुंभोजच्या २८ फुटी दिगंबर बाहुबलींपुढे हात जोडणाऱ्यांना तो पडणार तरी कसा? प्रश्न शुद्धीचा होता. (स्त्रीने अभिषेक करावा की नाही यावर आमच्या पंथांतही वाद आहेत, तेव्हा दुसऱ्याकडे बोट दाखवताना मी जपूनच लिहिते.)

हिंदू देवळांतलं सोवळं याच कुळातलं. वेरूळच्या घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात आजही पुरुषांनाच सदरा-बनियन उतरवावं लागतं.

बायकांचा पोशाख चर्चेत आला तो त्या गाभाऱ्याशी पोचल्या तेव्हा. १ एप्रिल २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयाने शनिशिंगणापूरच्या प्रकरणात १९५६ च्या मंदिरप्रवेश कायद्याची आठवण करून दिली: जिथे पुरुष जातात तिथे स्त्रीला अडवता येणार नाही. त्याच महिन्यात त्र्यंबकेश्वरला बायकांसाठी सकाळचा एक तास ठरला, पण अट अशी की वस्त्र सुती किंवा रेशमी हवं आणि तेही ओलं. सोवळ्याच्या हिशेबाने ते बरोबर असेल. पण ओलेत्याने चारचौघांत उभं राहायचं म्हणजे काय, हे बाईलाच विचारावं. कोल्हापूरला अंबाबाईच्या गाभाऱ्यात तृप्ती देसाई गेल्या, तेव्हा साडीच हवी, सलवार-कमीज चालणार नाही, यावरून धक्काबुक्कीपर्यंत गेलं.

त्यानंतर मात्र भाषाच बदलली. डिसेंबर २०२० मध्ये शिर्डीत फलक लागले, मे २०२३ मध्ये तुळजापूरला लागले आणि लगेच उतरलेही, जानेवारी २०२५ मध्ये सिद्धिविनायकाची घोषणा झाली. यांत सोवळं कुठेच नाही. तोकडे, अशोभनीय, अंगप्रदर्शक असे शब्द आहेत. हाफ पँट पुरुषांनाही मना आहे, हे खरं. तरी यादी वाचताना डोळ्यांपुढे मुलगीच येते. शुद्धीचा नियम नेसणाऱ्याच्या मनासाठी असतो, हा बघणाऱ्याच्या नजरेसाठी आहे. मला पहिला कळतो, दुसऱ्याशी माझं पटत नाही. गंमत म्हणजे २०१६ ला कोल्हापुरात न चाललेला सलवार-कुर्ता कार्ल्याच्या यादीत सभ्य ठरला आहे. नऊच वर्षं झाली!

आणि एकवीरा कोणाची? कोळी-आगऱ्यांची, सीकेपींची. कोळणीचं जुनं लुगडं गुडघ्यापर्यंतच, पोटऱ्या उघड्या. त्याला कोणी तोकडं म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही.

शेवटी भाचीने माझा पंजाबी ड्रेस घातला, कमरेत चांगलाच ढगळ. भर पावसात पायऱ्या चढलो. देवीचं देऊळ दोन हजार वर्षांच्या चैत्यगृहाच्या तोंडाशीच आहे. त्या लेण्यात भिक्षुणींच्या दानाचे लेख आहेत आणि ओसरीत दगडी जोडपी उभी आहेत. त्यांतल्या बायकांच्या अंगावर मेखला, कडी, मोठाली कर्णभूषणं, वस्त्र मात्र नावापुरतं. भाची त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली. माझ्याकडे बघून काही बोलणार होती, तेवढ्यात रांग हलली. आमच्या पुढे लुगडी नेसलेल्या तीन कोळणी होत्या. त्यांच्यामागे आम्हीही आत सरकलो.