हरभऱ्याची मर

हरभऱ्याचं रोप सुकलं म्हणून उपटावं, तर मूळ वरून धडधाकट दिसतं. बुडखा उभा चिरला की आत काळपट तपकिरी रेघ निघते. ती मर. फ्युजेरियम नावाची बुरशी मुळातून शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्या बंद करते. हरभरा पेरलाच नाही, तरी ती सहा वर्षं मातीत टिकलेली सापडलीय. म्हणजे एक साल फेरपालट केली की गेली, असं नाही.

मी सातवीत असताना चुलत्यांनी सोयऱ्यांना घरच्या चाफा हरभऱ्याचं दोन पायल्या बियाणं दिलं. आमच्या रानात ते घाट्यांनी लगडलं, सोयऱ्यांकडं फुलावर यायच्या आत वाळलं. मुद्दाम रोगट दिलं, असं ते चारचौघांत बोलले. पुढं दोन दिवाळ्या येणं-जाणं बंद. बियाण्यातूनही मर जाते, तेव्हा संशय अगदीच वेडा नव्हता. पण मग आमचं रान कसं उभं राहिलं?

चाफ्याचं नाव मला पुढं भलत्याच ठिकाणी वाचायला मिळालं. हैदराबादजवळ पाटणचेरूला 1972 साली इक्रिसॅट ही संशोधन संस्था निघाली. तिथल्या हवारे आणि नेने या शास्त्रज्ञांनी हैदराबाद, कानपूर, पंजाबातलं गुरदासपूर आणि हरियाणातलं हिसार इथली मर रोगाची बुरशी हरभऱ्याच्या दहा वाणांवर लावून पाहिली. दहांत आपला चाफा होता, कर्नाटकातला अन्निगेरीही होता. बुरशी दिसायला सारखीच, पण कुणाला मारायचं आणि कुणाला सोडायचं हे प्रत्येकीचं वेगळं! जेजी-62 हा एका देठाला दोन घाटे धरणारा देखणा वाण चारही बुरशींनी मेला. डब्ल्यूआर-315 तिघींना पुरून उरला आणि गुरदासपूरच्या बुरशीपुढं आडवा झाला. 1982 साली हे छापून आलं. या प्रकारांना ते 'रेस' म्हणतात. स्पेन, कॅलिफोर्नियातल्या धरून आता त्या 8 झाल्यात.

सोयऱ्यांच्या रानातली माती कुणी तपासली नाही, त्यामुळं तिथं कुठली रेस होती हे सांगता येणार नाही. पण एकच बियाणं एका शिवारात तगतं आणि दुसऱ्यात मरतं, यात देणाऱ्याचं कपट असायलाच पाहिजे असं नाही, एवढं तर कळलं.

नंतर राहुरीचा विजय आला, मर सोसणारा म्हणून आम्हीही पेरला, बरा निघाला. आता पाकिटावर 'मर रोगास प्रतिकारक' असं ठळक छापतात. कुठल्या रेसला, ते छापत नाहीत. दुकानात विचारलं तर तो आपल्याच तोंडाकडं बघतो.