कोशिकीय दूरध्वनी जालातील ग्राहकाची ओळख व स्थाननिश्चिती

तारेने जोडलेल्या दूरध्वनीची जागा ठरलेली असते व तारेची जोडी हीच त्याच्या मालकाची ओळख असते. बिनतारी चल दूरध्वनीला अशी तार नसल्यामुळे, तो कोणाचा आहे, या क्षणी कोठे आहे व त्याला सेवा कोणत्या केंद्रातून द्यावयाची, या तीन प्रश्नांची उत्तरे जालाला प्रत्येक संभाषणाच्या वेळी नव्याने शोधावी लागतात. ज्या जालात सेवाक्षेत्राचे लहान लहान विभाग पाडून प्रत्येक विभागासाठी स्वतंत्र प्रेषक व ग्राही असलेले तळ स्थानक उभारतात, त्यास ‘कोशिकीय जाल’ व त्यातील प्रत्येक विभागास ‘कोशिका’ असे म्हणतात. या जालांच्या पहिल्या दोन पिढ्यांचा, म्हणजे सदृश व आरंभीच्या अंकीय पद्धतींचा, इतिहास हा बव्हंशी या तीन प्रश्नांच्या उत्तरांचा इतिहास आहे.

पूर्वपीठिका : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सेंट लूइस येथे १७ जून १९४६ रोजी बेल कंपनीने मोटारींसाठी सार्वजनिक दूरध्वनी सेवा सुरू केली. शहरासाठी उंचावर बसविलेला एकच प्रबल प्रेषक असे आणि मोटारीतील उपकरणाचे वजन सुमारे ३६ किग्रॅ. भरे. ग्राहकाची ओळख व जोडणी ही दोन्ही कामे दूरध्वनी केंद्रातील चालक स्त्री करीत असे. १९६४ पासून क्रमांक स्वतः फिरविण्याची सोय असलेली सुधारित पद्धत आली. तथापि मूळ अडचण कायम राहिली. एका वेळी जितके रेडिओ मार्ग तितकीच संभाषणे सबंध शहरात होऊ शकत. न्यूयॉर्क परिसरात १९७६ मध्ये १२ मार्गांवर ५४३ ग्राहकांना सेवा मिळत होती व सु. ३,७०० जण प्रतीक्षा यादीत होते.

स्थाननिश्चितीचा प्रश्न किती मूलभूत आहे, हे पश्चिम जर्मनीत १९७२ साली सुरू झालेल्या ‘बी-नेट्झ’ या जालावरून दिसून येते. त्यात ग्राहकाची मोटार कोणत्या विभागात आहे याची नोंद जालाकडे नसे. मोटारीशी बोलू इच्छिणाऱ्याला ती साधारणपणे कोठे असेल हे स्वतःच जाणून त्या विभागाचा क्रमांक आधी फिरवावा लागे. अंदाज चुकला, तर मोटार जालाच्या कक्षेत असूनही संपर्क होत नसे. म्हणजे ग्राहकाला शोधण्याचा भार बोलावणाऱ्यावर होता. पुढील पद्धतींनी तो जालावर घेतला.

कोशिकांची कल्पना : बेल प्रयोगशाळेतील डी. एच. रिंग यांनी डिसेंबर १९४७ मध्ये एका अंतर्गत टिपणात षट्‌कोणी कोशिकांची योजना मांडली. एका कोशिकेत वापरलेली कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) पुरेशा अंतरावरील दुसऱ्या कोशिकेत पुन्हा वापरता येते. त्यामुळे मोजक्या कंप्रतांवर पुष्कळ ग्राहकांना सेवा देता येते. मात्र कोशिका जितकी लहान, तितक्या लवकर मोटार तिच्या सीमेबाहेर जाते. यास्तव संभाषण न तुटता ते पुढील कोशिकेकडे सोपविणे, म्हणजेच ‘हस्तांतरण’, अपरिहार्य ठरते. एवढे निर्णय क्षणार्धात घेणारी संगणक-नियंत्रित दूरध्वनी केंद्रे उपलब्ध होईपर्यंत ही योजना कागदावरच राहिली. पहिली व्यापारी कोशिकीय सेवा जपानमध्ये टोकिओ येथे डिसेंबर १९७९ मध्ये सुरू झाली.

नॉर्डिक पद्धती : स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क व फिनलंड या देशांच्या दूरध्वनी खात्यांनी मिळून आखलेली ४५० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेची पद्धती (एनएमटी) ऑक्टोबर १९८१ मध्ये स्वीडनमध्ये सुरू झाली. एका देशाचा ग्राहक दुसऱ्या देशात गेला तरी त्याला त्याच क्रमांकावर बोलावता यावे, हे तिचे आरंभापासूनचे उद्दिष्ट होते. सेवाक्षेत्राचे वाहतूक विभाग पाडलेले असत व तळ स्थानके आपापल्या विभागाची खूण सतत प्रक्षेपित करीत. ही खूण बदलल्याचे आढळताच मोटारीतील उपकरण आपण होऊन नव्या केंद्राला आपली उपस्थिती कळवी व ते केंद्र ती बातमी ग्राहकाच्या मूळ केंद्राकडे पोहोचवी. ‘मूळ केंद्रातील नोंद’ व ‘अभ्यागत म्हणून तात्पुरती नोंद’ हा भेद येथे प्रत्यक्षात आला.

अमेरिकन पद्धती : शिकागो येथे १३ ऑक्टोबर १९८३ रोजी सुरू झालेली ‘प्रगत चल दूरध्वनी सेवा’ (एएमपीएस) ८०० मेगॅहर्ट्‌झच्या आसपासच्या पट्ट्यात चाले. प्रत्येक मार्गाची रुंदी ३० किलोहर्ट्‌झ होती. आरंभी उपलब्ध असलेले ६६६ मार्ग प्रत्येक शहरातील दोन कंपन्यांत समान वाटले जात. प्रत्येकीच्या ३३३ मार्गांपैकी २१ नियंत्रणासाठी राखलेले असून त्यांवर केवळ संकेत पाठविले जात. उरलेले ३१२ संभाषणासाठी असत. सात कोशिकांच्या गटात हे मार्ग वाटले, तर एका कोशिकेच्या वाट्याला सु. ४५ मार्ग येत.

उपकरण सुरू होताच ते नियंत्रण मार्गांपैकी सर्वांत प्रबळ मार्ग निवडून ऐकत राही. ग्राहकाला कोणी बोलाविल्यास तो शहराच्या कोणत्या भागात आहे हे केंद्राला सहसा ठाऊक नसे. म्हणून सर्व कोशिकांतून त्याच्या क्रमांकाची हाक दिली जाई व ज्या कोशिकेतून उत्तर येई तेथे त्याला संभाषणाचा मार्ग नेमून दिला जाई. संभाषण चालू असताना तळ स्थानक येणाऱ्या तरंगांची प्रबलता मोजत राही. ती घटली, की शेजारच्या स्थानकांकडून मोजणी मागवून संभाषण योग्य कोशिकेकडे सोपविले जाई. या वेळी आवाज क्षणभर थांबवून त्याच मार्गावरून नव्या मार्गाची आज्ञा पाठवीत.

ग्राहकाची ओळख दोन क्रमांकांवर आधारलेली होती : दहा अंकी दूरध्वनी क्रमांकावरून बनविलेला ३४ द्विमान अंकांचा ‘चल ओळख क्रमांक’ आणि उत्पादकाने उपकरणात कोरलेला ३२ द्विमान अंकांचा ‘इलेक्ट्रॉनीय अनुक्रमांक’. या दोहोंची जोडी नोंदीशी जुळली, की ग्राहक खरा मानला जाई. हे दोन्ही क्रमांक प्रत्येक वेळी उघडपणे प्रक्षेपित होत, हा या रचनेतील मोठा दोष ठरला. रस्त्याच्या कडेला योग्य ग्राही घेऊन बसलेल्या माणसाला ते टिपता येत व दुसऱ्या उपकरणात भरता येत. अशा ‘प्रतिकृती’ दूरध्वनीवरून केलेल्या संभाषणांचे देयक मूळ ग्राहकाच्या नावे निघे. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत ही फसवणूक इतकी बोकाळली, की १९९८ मध्ये तिच्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. जो क्रमांक उच्चारतो तो त्याचा धनी, हे गृहीतच सदोष होते.

अंकीय पद्धती : यूरोपीय डाक व दूरसंदेशवहन प्रशासनांच्या परिषदेने १९८२ मध्ये समाईक पद्धतीसाठी अभ्यासगट नेमला. १९८७ मध्ये १३ देशांतील संस्थांनी कोपनहेगन येथे सामंजस्य करारावर सह्या केल्या आणि १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये रेडिओलिंजा या कंपनीच्या जालावर या पद्धतीचे (जीएसएम) पहिले व्यापारी संभाषण झाले. तिच्या ९०० मेगॅहर्ट्‌झच्या मूळ पट्ट्यात २०० किलोहर्ट्‌झ रुंदीच्या १२४ वाहक कंप्रता असून प्रत्येक वाहकावर आठ ग्राहकांना आळीपाळीने कालखंड वाटून दिलेले असतात.

या पद्धतीत ग्राहक आणि उपकरण यांची ताटातूट करण्यात आली. जर्मनीतील ‘सी-नेट्झ’ या सदृश जालात ओळख कार्डावर ठेवण्याची प्रथा आधीच पडली होती. जीएसएममध्ये ती लहान संगणक-चकती असलेल्या ‘सिम’ कार्डाच्या रूपाने सार्वत्रिक झाली. ग्राहकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक जास्तीत जास्त १५ अंकी असून त्यातील पहिले तीन अंक देशाचे (भारतासाठी ४०४ व ४०५), पुढील दोन वा तीन जालाचे व उरलेले ग्राहकाचे असतात. लोक फिरवितात तो दूरध्वनी क्रमांक याहून निराळा असून दोहोंची सांगड केवळ जालाच्या नोंदीत असते. उपकरणाचा १५ अंकी क्रमांक आणखी वेगळा असतो. चोरीस गेलेले उपकरण त्यावरून ओळखून त्याची सेवा रोखता येते.

नोंदी ठेवण्यासाठी प्रत्येक जालात ‘मूळ स्थान नोंदवही’ असते. तीत ग्राहकाच्या सवलती व तो सध्या कोणत्या केंद्राच्या हद्दीत आहे याची माहिती असते. प्रत्येक केंद्राजवळ ‘अभ्यागत नोंदवही’ असून तीत त्या हद्दीत आलेल्यांची तात्पुरती नोंद होते. सत्यता पडताळणी केंद्र व सिम कार्ड या दोन ठिकाणी १२८ द्विमान अंकांची गुप्त किल्ली साठविलेली असते व ती कधीही प्रक्षेपित होत नाही. जाल १२८ द्विमान अंकांची एक यादृच्छिक संख्या पाठविते. कार्ड तिच्यावर गुप्त किल्लीने गणित करून ३२ द्विमान अंकांचे उत्तर देते. ते केंद्रातील उत्तराशी जुळले, तरच सेवा मिळते. दर वेळी प्रश्न नवा असल्याने जुने उत्तर टिपून उपयोग होत नाही. त्याच गणितातून संभाषण कूटबद्ध करणारी ६४ द्विमान अंकांची किल्लीही तयार होते. शिवाय ग्राहकाचा खरा क्रमांक वारंवार प्रक्षेपित होऊ नये म्हणून त्यास बदलता तात्पुरता क्रमांक दिला जातो.

हाक पोहोचविण्याचा क्रम : अनेक कोशिका मिळून एक ‘स्थानक्षेत्र’ होते. स्थानक्षेत्राची खूण बदलली, किंवा ठराविक कालावधी उलटला, की भ्रमणध्वनी आपले स्थान कळवितो. क्षेत्र फार मोठे ठेवल्यास प्रत्येक हाक अनेक कोशिकांतून द्यावी लागते. फार लहान ठेवल्यास स्थान कळविण्याचेच संदेश वाढून विद्युत् घट व नियंत्रण मार्ग यांवर ताण पडतो. यांतील मध्य गाठणे हे जालाच्या आखणीचे मुख्य कौशल्य होय.

ग्राहकास कोणी बोलाविल्यावर प्रवेश केंद्र प्रथम मूळ स्थान नोंदवहीस विचारते. ती अभ्यागत नोंदवहीकडून त्या एका संभाषणापुरता तात्पुरता मार्गक्रमांक मागविते व त्यावर संभाषण वळविले जाते. मग संबंधित स्थानक्षेत्रातील सर्व कोशिकांतून हाक जाते. भ्रमणध्वनी उत्तर देतो, पडताळणी होते, कूटबद्धता सुरू होते आणि कालखंड नेमला जातो. संभाषण चालू असता भ्रमणध्वनी स्वतः शेजारच्या सहा कोशिकांपर्यंतच्या प्रबलतेची मोजणी सु. अर्ध्या सेकंदाला एकदा कळवीत असल्याने हस्तांतरण अधिक अचूक होते. या रचनेचा एक परिणाम खर्चाचा आहे. पुण्यातील ग्राहक लंडनला गेला असता लंडनमधल्याच मित्राने त्याला बोलाविले, तर संभाषणाचा मार्ग सामान्यतः भारतातील मूळ जालातून परत लंडनला जातो व या परतीच्या प्रवासाचा भार ग्राहकावर पडतो.

भारत : भारतात कोशिकीय सेवेचा प्रारंभ ३१ जुलै १९९५ रोजी झाला. त्या दिवशी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू हे कलकत्त्याहून केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी दिल्लीत बोलले. सदृश पिढी वगळून येथे थेट अंकीय जीएसएम पद्धती स्वीकारण्यात आली. परवान्यांसाठी देशाची सेवामंडले पाडताना मुंबई हे एक मंडल आणि गोव्यासह उर्वरित महाराष्ट्र हे दुसरे मंडल ठरले. परिणामी मुंबईचा ग्राहक पुण्यास वा पणजीस गेला, की तो जालाच्या दृष्टीने अभ्यागत होई. आरंभी येणाऱ्या हाकेचेही मूल्य ग्राहकास द्यावे लागे. मे २००३ पासून ते बोलावणाऱ्यावर टाकण्यात आले. उपकरण क्रमांक नसलेल्या भ्रमणध्वनींची सेवा २००९ च्या अखेरीस बंद करण्यात आली. २० जानेवारी २०११ पासून देशभर कंपनी बदलूनही क्रमांक कायम ठेवण्याची मुभा मिळाली. त्यामुळे क्रमांकावरून कंपनी ओळखण्याची सोय उरली नाही व प्रत्येक हाकेपूर्वी स्वतंत्र नोंद पाहणे आवश्यक झाले.

दोष व मूल्यमापन : जीएसएममध्ये जाल ग्राहकाची परीक्षा घेते, ग्राहकाला मात्र जालाची परीक्षा घेता येत नाही. त्यामुळे बनावट तळ स्थानक उभारून भ्रमणध्वनीला त्याचा खरा ओळख क्रमांक सांगावयास लावणे शक्य होते. पडताळणीसाठी अनेक कंपन्यांनी वापरलेली एक गणितविधी १९९८ मध्ये अमेरिकन संशोधकांनी भेदली व कार्ड हाती असल्यास त्यातील किल्ली काढता येते, हे दाखविले. यांपासून धडा घेऊन तिसऱ्या पिढीत उभयपक्षी पडताळणी आली.

स्थानाच्या नोंदीला दोन बाजू आहेत. संकटात मदत मागणाऱ्याचे ठिकाण कळावे म्हणून अमेरिकेत १९९६ मध्ये कंपन्यांवर स्थान कळविण्याचे बंधन घालण्यात आले; परंतु तीच माहिती पाळतीसाठीही वापरता येते. ज्याला हाक पोहोचवावयाची त्याचे ठिकाण जालाला ठाऊक असावेच लागते. म्हणून स्थानाची गुप्तता केवळ यंत्ररचनेने साधत नाही, त्या नोंदी कोणी व कोणत्या अधिकाराने पाहाव्यात यांवर ती अवलंबून राहते.

सदृश जाले आता इतिहासजमा झाली आहेत. स्वीडनमधील एनएमटी सेवा २००७ च्या अखेरीस थांबली. अमेरिकन कंपन्यांवरील एएमपीएस चालू ठेवण्याचे बंधन १८ फेब्रुवारी २००८ रोजी संपले. जीएसएम जालेही काही देशांत बंद झाली आहेत. तथापि मूळ नोंद व अभ्यागत नोंद, गुप्त किल्लीवरील प्रश्नोत्तर, स्थानक्षेत्र आणि हस्तांतरण ही त्यांची चौकट पुढील पिढ्यांनी सुधारून स्वीकारली आहे.