हिरवा चहा, काळा चहा : एका वर्गीकरणाचा इतिहास

हिरवा, ऊलाँग, काळा हे चहाचे भेद आज सर्वपरिचित आहेत. परंतु हे भेद झाडाचे की कृतीचे, या प्रश्नाने युरोपीय वनस्पतिशास्त्राला दीर्घकाळ चकविले. त्या भ्रमाचा उगम आणि निरास यांचा थोडक्यात परामर्श घेणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

१७५३ मध्ये लिनीअसने चहाची 'थिया सायनेन्सिस' ही एकच जाती नोंदविली होती. १७६२ च्या आवृत्तीत मात्र त्याने दोन जाती मानल्या : सहा पाकळ्यांची 'थिया बोहीआ' आणि नऊ पाकळ्यांची 'थिया विरिडिस'. यांपैकी 'बोहीआ' हे फूजियन प्रांतातील वुयी पर्वताच्या नावाचे बोलीरूप असून व्यापारात ते काळ्या चहाला लावीत. 'विरिडिस' म्हणजे हिरवा. अशा रीतीने बाजारातील नावांना शास्त्रीय प्रतिष्ठा लाभली. लिनीअस स्वतः चीनला कधी गेला नव्हता. शिवाय १७५७ पासून पाश्चात्त्यांचा सागरी व्यापार कँटन बंदरापुरता मर्यादित करण्यात आल्याने, मळ्यात जाऊन पडताळा पाहणे दुर्घट झाले होते.

१८४२ च्या नानकिंगच्या तहाने ही परिस्थिती पालटली. १८४३ मध्ये चीनला गेलेल्या रॉबर्ट फॉर्च्यूनला असे आढळले की, फूजियनमध्ये 'विरिडिस' म्हणविणाऱ्या झाडांपासूनच काळा चहा तयार होतो. १८४७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तात त्याने हे निरीक्षण मांडले. पुढे १८४८ नंतरच्या प्रवासात, निर्यातीच्या हिरव्या चहाला प्रशियन निळा रंग व जिप्सम लावून रंगवितात, हेही त्याने पाहिले. म्हणजे परदेशी ग्राहक ज्या रंगावरून प्रकार ओळखीत असे, तो रंगदेखील काही अंशी कृत्रिम होता.

खरा भेद पाने खुडल्यानंतरच्या संस्कारात आहे. पाने लगेच वाफविली किंवा कढईत परतली, तर त्यांतील एंझाइमे निष्क्रिय होतात आणि चहा हिरवा राहतो. पाने कोमेजू देऊन, वळून, हवेत राहू दिली की ऑक्सिडीभवन होऊन तो काळा होतो; ही क्रिया मध्येच थांबविल्यास ऊलाँग मिळतो. या क्रियेस व्यापारी परिभाषेत 'आंबविणे' म्हणतात, ते यथार्थ नव्हे. सूक्ष्मजंतूंमुळे खरोखर आंबणारा चहा म्हणजे युनानमधील पक्व प्वेर.

तथापि झाडाचा भेद सर्वस्वी मिथ्या होता, असेही नव्हे. आसामातील मोठ्या पानांचा चहा हा वेगळा उपप्रकार ठरला. १८३९ च्या जानेवारीत लंडनमध्ये त्याचा प्रथम लिलाव झाला. परंतु ही भेदरेषा हिरव्या व काळ्या चहामधून जात नाही. १८८७ मध्ये कुंट्झेने रूढ केलेल्या 'कॅमेलिया सायनेन्सिस' या एकाच जातीत आज दोन्ही उपप्रकारांचा समावेश होतो.

यावरून संशोधकाने एक बोध घ्यावा. जुन्या व्यापारी कागदपत्रांत 'बोहीआ' हे नाव आढळले, तर त्यावरून मालाचे स्वरूप व दर्जा कळू शकेल. झाडाची जाती मात्र कळणार नाही. व्यापाऱ्याची संज्ञा आणि शास्त्रज्ञाची संज्ञा यांत अक्षरे तीच असली, तरी त्यांचा अर्थ निरनिराळा असतो.