माडाची जात कशी पारखली गेली?

विंचूर, लासलगाव, निफाड हा कांद्याचा आणि द्राक्षाचा मुलूख. पिकाची 'जात' म्हणजे काय, हे इथल्या शेतकऱ्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. कांद्याच्या दोन जातींत सरस कोणती हे पाहायचे असेल तर शेजारी शेजारी दोन वाफे लावायचे. चार-पाच महिन्यांत उत्तर हाती येते. चांगले कांदे निवडून पुन्हा लावायचे, त्यांचे बी धरायचे, असे वर्षानुवर्षे केले की जात सुधारत जाते. साठवणीत टिकणारा 'एन-२-४-१' हा उन्हाळी कांदा याच तालुक्यातल्या पिंपळगाव बसवंत येथे अशा निवडीतून तयार झाला. द्राक्षाची गोष्ट याहून सोपी. उत्तम वेलीची काडी घेऊन खुंटावर कलम केले की नवी वेल मूळ वेलीसारखीच निपजते. थॉम्पसन सीडलेसच्या हजारो एकरांतल्या वेली आनुवंशिक दृष्टीने जवळजवळ एकच वेल आहेत.

याच गावांत घरामागे किंवा विहिरीच्या कडेला नारळाचे एखादे झाड लावायचे म्हटले, की तोच प्रश्न येतो : "कोणती जात चांगली?" मात्र इथे चूक झाली तर ती कळायला सहा-सात वर्षे लागतात, आणि झाड पुढे पन्नास वर्षे अंगणात उभे राहते. कांद्याबाबत एका हंगामात सुटणारा हा प्रश्न नारळाबाबत सोडवताना शास्त्रज्ञांच्या दोन-तीन पिढ्या खर्ची पडल्या. असे का झाले?

आई माहीत, बाप अज्ञात

माडाला फांद्या नसतात. त्याच्या शेंड्याला वाढीचा एकच कोंब असतो. तो खुडला तर झाड मरते. त्यामुळे काडी लावणे, डोळा भरणे, कलम बांधणे यांपैकी काहीच माडाला लागू पडत नाही. ऊतिसंवर्धनाचे प्रयत्न कित्येक दशके चालू आहेत. पण केळीसारखी नारळाची ऊतिसंवर्धित रोपे सर्रास लावली जावीत, असे अजून झालेले नाही. म्हणजे नवे झाड हवे असेल तर नारळच रुजत घालायचा. नारळ म्हणजे बी, आणि बी म्हटले की दोन पालक आले.

माडाच्या प्रत्येक पोयीत नर आणि मादी अशी दोन्ही फुले असतात. नर फुले शेकड्यांनी, मादी फुले थोडीच व तळाशी. उंच वाढणाऱ्या माडांत नर फुले आधी उमलून गळून जातात. मादी फुले त्यानंतर फलनक्षम होतात. साहजिकच परागकण येतात ते बहुधा दुसऱ्या झाडावरून, वाऱ्याने किंवा मधमाश्यांनी. म्हणून उत्तम झाडावरून पाडलेल्या नारळाची आई आपल्याला माहीत असते. बाप कोण हे माहीत नसते. एकाच झाडाचे दहा नारळ रुजवले तर दहा तऱ्हांची झाडे निघू शकतात. द्राक्षाची जात म्हणजे एकच वेल, तर उंच माडाची जात म्हणजे सारख्या गुणांकडे झुकणाऱ्या, पण एकमेकांपासून वेगळ्या झाडांचा समूह. नारळाच्या जातींची तुलना म्हणजे खरे तर दोन समूहांची तुलना. एकेक झाड घेऊन ती करता येत नाही.

उंच आणि ठेंगू

नारळाची सर्व झाडे कोकोस न्यूसिफेरा या एकाच जीवजातीत मोडतात. लागवडीच्या दृष्टीने त्यांचे दोन मोठे गट पडतात.

पहिला उंच माडांचा. आपल्याकडचा 'बाणवली' हा पश्चिम किनाऱ्याचा उंच माड. नाव ऐकताच गोव्याच्या सासष्टीतले बाणावली गाव आठवते. त्याला फुलोरा येतो सहा ते आठ वर्षांनी. पण नंतर साठ-ऐंशी वर्षे तो फळे देतो. खोबरे जाड असते, तेल भरपूर निघते. दुसरा गट ठेंगू माडांचा. केरळातल्या चावक्काडचे नारिंगी व हिरवे ठेंगू माड, मलायाचे ठेंगू माड आणि आंध्रचा 'गंगाबोंडम' ही त्यातली प्रसिद्ध नावे. ठेंगू झाड तीन-चार वर्षांतच फुलते आणि त्याच्या शहाळ्याचे पाणी गोड असते. पण खोबरे पातळ व चिवट, आयुष्य कमी, आणि पाण्याची ओढ बसली तर ते लवकर हार खाते. बहुतेक ठेंगू माडांत नर-मादी फुलांचा काळ एकमेकांत मिसळतो. त्यामुळे स्वपरागीकरण होते आणि संतती बरीचशी एकसारखी निघते.

बी गन, ल्यूक बोदूँ आणि केनेथ ऑल्सन यांनी तेराशेहून अधिक माडांचा डीएनए तपासून २०११ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. नारळ माणसाने दोन ठिकाणी स्वतंत्रपणे लागवडीखाली आणला असावा, एकदा हिंदी महासागराच्या किनाऱ्यावर आणि एकदा आग्नेय आशियाच्या बेटांवर, असे त्यातून दिसले. ठेंगू माड दुसऱ्या, म्हणजे पॅसिफिक शाखेचे निघाले. आपल्या किनाऱ्यावरचा उंच माड आणि ठेंगू माड हे असे दूरचे नातेवाईक आहेत.

नीलेश्वरचा प्रयोग

एकाचा दमदारपणा आणि दुसऱ्याचा लवकर फळण्याचा गुण एकत्र आणता येईल का? हा प्रश्न हाताळला गेला तो मद्रास इलाख्यात. मद्रास सरकारने १९१६ साली कासरगोड व नीलेश्वर या परिसरात नारळाची संशोधन केंद्रे सुरू केली होती. तिथे सरकारी तेलबियातज्ज्ञ जे. एस. पटेल यांनी १९३२ साली नीलेश्वरला पश्चिम किनाऱ्याचा उंच माड आणि चावक्काडचा हिरवा ठेंगू यांचा संकर केला. त्याचे निष्कर्ष १९३७ साली प्रसिद्ध झाले. संकरित रोपे दोन्ही पालकांपेक्षा जोमाने वाढली. मक्यात दिसलेला संकरजोम माडासारख्या दीर्घायुषी झाडातही दिसतो, हे यातून स्पष्ट झाले.

पण शोध लागणे आणि रोप शेतकऱ्याच्या हाती पडणे यांत केवढे अंतर असते ते पाहा. कासरगोडचे केंद्र पुढे केंद्रीय रोपण पीक संशोधन संस्थेचे मुख्यालय झाले. ही संस्था १९७० साली स्थापन झाली. नारिंगी ठेंगू माता आणि उंच पिता यांचा 'चंद्रसंकरा' हा संकर तिथून प्रसारित झाला १९८५ साली. पटेलांच्या पहिल्या प्रयोगापासून मोजले तर ५३ वर्षे!

हा विलंब आळसाचा नव्हता. संकराची रोपे वाढवायला, ती फुलायला आणि उत्पन्न स्थिरावायला बारा-पंधरा वर्षे जातात. शिवाय प्रत्येक संकरित नारळ हाताने घडवावा लागतो : मातृवृक्षाच्या पोयीतली नर फुले उमलण्यापूर्वी काढून टाकायची, पोयीला पिशवी बांधायची, पित्याचे परागकण आणून मादी फुलांवर सोडायचे, आणि मग नारळ पिकायला वर्षभर थांबायचे. माता ठेंगू असेल तर हे काम जमिनीवर उभे राहून होते. उंच असेल तर प्रत्येक वेळी माडावर चढणे आले. संकराच्या नावात आधी मातेचे नाव लिहितात, त्यामुळे 'डी×टी' आणि 'टी×डी' हे दोन वेगळे संकर ठरतात.

दुसरी वाट होती निवडीची. १९५७ साली सिलोनमध्ये (आजच्या श्रीलंकेत) एस. सी. हार्लंड यांनी एक मुद्दा मांडला : झाड स्वतः किती फळते यापेक्षा त्याची संतती कशी निघते हे पाहा. काही मोजकी झाडे अशी असतात, की पिता कोणीही असो, त्यांची मुले चांगलीच निघतात. असे मातृवृक्ष ओळखायचे तर संतती वाढवून पाहण्यावाचून इलाज नाही. पुन्हा तीच बारा-पंधरा वर्षे!

भाट्ये : कोकणातली पारख

महाराष्ट्रात हे काम रत्नागिरीजवळ भाट्ये येथे चालते. १९५५ साली सुरू झालेले हे प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र आता दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. समुद्रालगतच्या वाळूमिश्रित जमिनीवर इथे देशी-परदेशी माड शेजारी शेजारी लावून त्यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या. बाणवलीतल्या हिरव्या, गोल फळांच्या झाडांतून निवड करून 'प्रताप' ही जात १९८७ साली प्रसारित झाली. लक्षद्वीप ऑर्डिनरीच्या खोबऱ्यात तेलाचे प्रमाण सुमारे ७२ टक्के, तर फिलिपिन्स ऑर्डिनरीचे फळ मोठे आणि खोबरे वजनदार. गंगाबोंडम माता आणि पूर्व किनाऱ्याचा उंच माड पिता यांपासून केलेला एक संकरही भाट्ये येथूनच पुढे आला. दोन्ही पालक पूर्वेकडचे, पण पारख झाली ती कोकणच्या मातीत.

यांत 'पहिला नंबर' कोणाचा? साधे गणित करू. समजा, एका जातीचे झाड वर्षाला १०० नारळ देते आणि एका नारळातून १७५ ग्रॅम खोबरे मिळते; म्हणजे साडेसतरा किलो. दुसरी देते १५० नारळ, पण खोबरे ११० ग्रॅम. म्हणजे साडेसोळा किलो. नारळ नगावर विकणाऱ्याला दुसरी जात बरी, तेल काढणाऱ्याला पहिली, आणि शहाळी विकणाऱ्याला कदाचित तिसरीच. कशासाठी हवी हे ठरवल्याशिवाय तुलनेला अर्थ येत नाही.

एका वर्षाच्या आकड्यावर तर मुळीच विसंबू नये. माडाच्या पोयीचा अंकुर शेंड्यात तयार झाल्यापासून ती उमलेपर्यंत सुमारे ३२ महिने जातात. तिथून नारळ पिकेपर्यंत आणखी १२. एकूण ४४ महिने! आज उतरवलेल्या नारळांवर साडेतीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्याचाही परिणाम झालेला असतो. म्हणून अनेक झाडे, अनेक वाफे आणि अनेक वर्षे यांची सरासरी काढावी लागते. पाच जाती, प्रत्येकीचे चार वाफे, प्रत्येक वाफ्यात सहा झाडे धरली तर झाडे होतात १२०. साडेसात मीटर अंतराने लावल्यास त्यांना सुमारे पावणेदोन एकर जमीन लागते, आणि ती पंधरा-वीस वर्षे अडकून पडते.

जमैकाचा धडा

एवढे करून मिळालेले उत्तर तरी कायमचे असते का? जमैका बेटावर माड पिवळे पडून मारणाऱ्या एका रोगाने उंच माडांचा संहार केला. मलायाचा ठेंगू माड मात्र टिकला. त्यावरून १९७० च्या दशकात मलायाचा ठेंगू आणि पनामाचा उंच यांचा 'मेपॅन' हा संकर तिथे आला आणि मोठ्या प्रमाणावर लावला गेला. १९९० च्या दशकात रोग पुन्हा उसळला, तेव्हा मेपॅन आणि मलायन ठेंगूही मोठ्या संख्येने मेले. एकाच जातीवर सारी भिस्त ठेवण्याची ही किंमत होती.

याची दुसरी बाजू केरळात दिसते. तिथे माडाची मुळे व शेंडा निकामी करणारा एक जुना रोग आहे. त्याच्या भागात टिकाव धरणारी झाडे शोधताना नजर वळली ती चावक्काडच्या हिरव्या ठेंगू माडाकडे. त्याला माता आणि पश्चिम किनाऱ्याच्या उंच माडाला पिता करून 'कल्पसंकरा' हा संकर २०१२ साली प्रसारित झाला. पटेलांनी १९३२ साली निवडलेली हीच ती जोडी, फक्त माता-पित्यांची अदलाबदल झालेली! ऐंशी वर्षांपूर्वी ती जोमासाठी निवडली होती, आता रोगाला तोंड देण्यासाठी. जुन्या जाती बागेत जपून ठेवाव्या लागतात त्या यासाठी. उद्या कोणता प्रश्न उभा राहील, हे आज कोणी सांगू शकत नाही.

घाटावर काय करावे?

भाट्ये येथील निष्कर्ष विंचूरला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. माडाला सरासरी २७ अंशांच्या आसपासचे तापमान आणि दमट हवा मानवते. निफाड तालुक्यात हिवाळ्यात पारा पाच अंशांच्या खाली गेल्याचे अनेकदा नोंदले गेले आहे, आणि उन्हाळ्यातली हवा कोरडी असते. इथे झाड जगेल, फळेलही, पण किनाऱ्याइतके उत्पन्न धरून चालू नये. पाण्याची खात्री नसेल तर ठेंगू माडाच्या लवकर फळण्याला भुलण्यापेक्षा दणकट बाणवली बरा.

रोप घेताना मात्र दोन गोष्टी कोणालाही तपासता येतात. पहिली : माता नारिंगी ठेंगू असलेला संकर म्हणून रोप विकले जात असेल, तर त्याच्या पानाचा देठ पाहा. नारिंगी रंगाचा गुण अप्रभावी आहे. उंच पित्याचे परागकण खरोखर मिळाले असतील तर देठ तपकिरी किंवा हिरवट छटेचा असतो. देठ स्वच्छ नारिंगी असेल तर ते रोप संकराचे नाही, मातेच्या स्वपरागीकरणातून आलेले आहे. मेंडेलचा नियम इथे थेट शेतकऱ्याचे पैसे वाचवतो! दुसरी : संकरित माडाचे नारळ रुजवून पुन्हा संकरित माड मिळत नाहीत. पुढच्या पिढीत गुण विखुरतात आणि पालकांसारखी एकसारखी झाडे निघत नाहीत.

वर्गासाठी एक उपक्रम सुचवतो. उंच माड वर्षाला साधारण बारा-चौदा झावळ्या टाकतो आणि प्रत्येक झावळीचा वण खोडावर राहतो. गावातल्या एखाद्या माडाचे वण विद्यार्थ्यांना मोजू द्या. बुंध्याजवळचे वण नीट दिसत नसल्याने वय थोडे कमी भरेल, पण अंदाज येईल. मग वणांमधले अंतर आणि खोडाची जाडी कुठे कमी झाली आहे ते पाहा. माडाचे खोड एकदा तयार झाले की पुढे जाड होत नाही, त्यामुळे तंगीच्या वर्षांची खूण तशीच राहू शकते. गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ती वर्षे दुष्काळाच्या वर्षांशी ताडून पाहता येतील. ही मोजणी वहीत तारखेसह लिहून ठेवावी आणि पुढच्या वर्षीच्या वर्गाने तिथून पुढे मोजावे. नारळाच्या जाती पारखणाऱ्यांचे काम असेच चालले : एकाने झाड लावले, दुसऱ्याने मोजले, आणि निष्कर्ष बहुधा तिसऱ्याने काढला.