रातराणी स्वस्त कुणाला?

एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला नगर–पुणे धावली, रातराणी नंतरची. तिला आपण सहज गरिबाची गाडी म्हणतो. पण दरपत्रक काढून बघा: 2021 पर्यंत तिचं भाडं दिवसाच्या साध्या गाडीपेक्षा जास्त होतं! मग लोक तिनेच का जायचे? तिकिटावर उत्तर सापडत नाही. रात्र गाडीत काढली की लॉजचे पैसे वाचतात, दिवसाची मजुरी बुडत नाही, कोर्टाची तारीख गाठता येते. मी स्वतः मुंबईच्या पुराभिलेखागारात असाच जातो; स्टँडवर तोंड धुवायचं आणि दार उघडायच्या वेळी हजर. तेव्हा भाड्याच्या तक्त्याशेजारी लॉजचे दर आणि मजुरीही मांडा. माझ्या पहिल्या प्रकरणात नुसताच तक्ता होता. सरांनी ते परत पाठवलं.