मारधाडीचे मोल : अभिजात वेस्टर्न चित्रपट व युद्धपटांतील संघर्षदृश्यांचे ऐतिहासिक मूल्यमापन

प्रस्तावना :

मराठी चित्रपटसमीक्षेत ‘मारधाड’ हा शब्द बहुधा दूषण म्हणून वापरला जातो. ज्या चित्रपटात मारधाड अधिक, तो कलादृष्ट्या हिणकस, असे समीकरण त्यामागे गृहीत असते. याउलट, सामान्य प्रेक्षक नेमका तोच निकष उलटा लावतो आणि गोळीबार किती वेळ चालला यावरून चित्रपटाला गुण देतो. या दोन्ही भूमिकांत एक साम्य आहे. संघर्षदृश्य ही मोजण्याची वस्तू आहे, वाचण्याची नव्हे, असे दोन्ही मानतात. अमेरिकेतील वेस्टर्न चित्रपट (येथील शहरांत ज्यांना ‘काऊबॉय पिक्चर’ म्हटले जाई, ‘पाश्चात्त्य चित्रपट’ हे भाषांतर फसवे आहे) आणि युद्धपट यांच्या इतिहासाकडे पाहिले असता ही समजूत टिकत नाही.

वेस्टर्न चित्रपट : धावती गाडी आणि एकच गोळी

एडविन पोर्टर यांच्या ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ (१९०३) या सुमारे १२ मिनिटांच्या मूकपटात एक दरोडेखोर थेट कॅमेऱ्याकडे पिस्तूल रोखून गोळ्या झाडतो. हे दृश्य चित्रपटाच्या आरंभी जोडावे की अखेरीस, हे एडिसन कंपनीने प्रदर्शकांवर सोपविले होते. म्हणजे संघर्षदृश्य कथेपासून सुटे करून विकता येते, ही जाणीव या माध्यमाला जन्मापासूनच होती. हा ‘पश्चिम’ प्रत्यक्षात पूर्वेकडील न्यू जर्सी राज्यात चित्रित झाला होता, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

जॉन फोर्ड यांच्या ‘स्टेजकोच’ (१९३९) मध्ये या सुट्या थराराला कथेत स्थान मिळाले. अपाची घोडेस्वारांनी घोडागाडीचा केलेला पाठलाग कॅलिफोर्नियातील एका कोरड्या सरोवराच्या सपाट तळावर चित्रित करण्यात आला. साहसवीर याकिमा कनट प्रथम अपाची स्वार म्हणून गाडीच्या पुढच्या घोड्यांवर झेप घेतो, गोळी लागल्यावर घोड्यांच्या मधोमध लोंबकळत फरफटत जातो आणि हात सोडतो. घोडे व गाडी त्याच्या अंगावरून निघून जातात. त्यानंतर तोच कनट नायकाच्या वेषात त्याच घोड्यांवर उड्या घेतो. चित्रणातील दिशांचा नियम फोर्ड यांनी येथे सर्रास मोडला आहे. गाडी कधी डावीकडे तर कधी उजवीकडे धावताना दिसते. तरीही प्रेक्षकाचा गोंधळ होत नाही, कारण गाडीतील व गाडीवरील नऊ माणसे तोपर्यंत त्याच्या परिचयाची झालेली असतात आणि कोणाचा जीव टांगणीला लागला आहे हे त्याला नेमके ठाऊक असते.

परंतु हाच निकष पाठलाग करणाऱ्यांना लावला, तर निर्णय बदलतो. अपाचींपैकी एकालाही नाव नाही, हेतू नाही, संवाद नाही. त्या भूमिका बहुतांशी नवाहो जमातीच्या लोकांनी केल्या. ज्या जेरोनिमोच्या नावाचा धाक चित्रपटभर दाखविला जातो, त्याच्या लढ्यामागे जमिनीचा आणि सक्तीच्या स्थलांतराचा प्रश्न होता. त्याचा मागमूसही येथे नाही. कारागिरीच्या दृष्टीने निर्दोष असे दृश्य इतिहासाच्या दृष्टीने खोटे असू शकते, याचे ‘स्टेजकोच’ हे उत्तम उदाहरण होय. दृश्याची गुणवत्ता मान्य करून त्याच दृश्याचा खोटेपणा सांगणे, यात विसंगती मानण्याचे कारण नाही.

जॉर्ज स्टीव्हन्स यांचा ‘शेन’ (१९५३) या संदर्भात अधिक बारकाईने पाहावा लागतो. स्टीव्हन्स हे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या चित्रण-पथकाचे प्रमुख होते. नॉर्मंडीपासून जर्मनीपर्यंत त्यांनी चित्रण केले आणि १९४५ मध्ये डाखाऊ येथील छळछावणी त्यांच्या पथकाने टिपली. युद्धापूर्वी हलकेफुलके विनोदी चित्रपट करणाऱ्या या दिग्दर्शकाच्या दृष्टीत त्यानंतर पडलेला फरक ‘शेन’मध्ये जाणवतो. दोन तासांच्या या चित्रपटात गोळीबार फारच थोडा आहे. पहिली गोळी नायक झाडतो तीही शत्रूवर नव्हे, तर लहान मुलाला नेम दाखविण्यासाठी. मात्र तिचा आवाज मुद्दाम इतका वाढविलेला आहे की प्रेक्षक दचकतो. पुढे चिखलाने भरलेल्या रस्त्यावर टोरी नावाच्या शेतकऱ्याला मारले जाते, तेव्हा नटाला बांधलेल्या तारेने मागे हिसका दिला जातो. तोवरच्या वेस्टर्न चित्रपटांत माणूस छाती धरून अलगद कोसळत असे. येथे तो फेकला जातो आणि चिखलात पडून राहतो. गोळी लागणे म्हणजे काय, याचे भान ज्याने प्रत्यक्ष युद्ध पाहिले त्या दिग्दर्शकाने एका क्षणात दिले. हा एक मृत्यू ‘स्टेजकोच’मधील घोड्यांवरून पडणाऱ्या सर्व स्वारांहून जड आहे.

सॅम पेकिन्पा यांनी ‘द वाइल्ड बंच’ (१९६९) मध्ये वेगळा मार्ग घेतला. १९६८ मध्ये हॉलिवूडची जुनी नियमावली जाऊन वर्गीकरणाची पद्धत आली होती आणि व्हिएतनाम युद्धाची दृश्ये घरोघरी दूरचित्रवाणीवर दिसत होती. निरनिराळ्या वेगांनी चालणारे अनेक कॅमेरे, रक्ताच्या पिशव्यांसह फुटणारे छोटे स्फोटक आणि संकलक लू लोम्बार्डो यांची अतिजलद जोडणी यांतून अखेरचा रक्तपात साकारला. मंदगती चित्रणाचा धडा अकिरा कुरोसावा यांच्या ‘सेव्हन सामुराई’ने (१९५४) आधीच घालून दिला होता. या चित्रपटाविषयी मतभेद आहेत आणि ते रास्तही आहेत, कारण मंदगतीमुळे मृत्यू सुंदर दिसू लागतो. तथापि एक गोष्ट दुर्लक्षिली जाते. ‘शेन’मध्ये मूल गोळीबार पाहत असते. ‘द वाइल्ड बंच’च्या आरंभी मुले विंचवाला मुंग्यांच्या तोंडी देऊन हसत असतात आणि अखेरीस टोळीचा प्रमुख पाइक ज्याच्या गोळीने संपतो, तो गणवेशातील एक मुलगा असतो. हिंसा पाहणाऱ्या मुलाचे पुढे काय होते, हा प्रश्न त्या गदारोळातही विचारलेला आहे.

युद्धपट : खंदकाच्या दोन्ही बाजू

रेमार्क यांच्या कादंबरीवरील लुईस माइलस्टोन दिग्दर्शित ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ (१९३०) मध्ये फ्रेंच सैनिक जर्मन खंदकावर चालून येतात. मशीनगन आडवी फिरते आणि तिच्या गतीने सरकणाऱ्या कॅमेऱ्यासमोर माणसे पिकासारखी कापली जातात. लगेच जर्मन प्रतिहल्ला होतो आणि फ्रेंच मशीनगन तेच काम करते. शेवटी दोन्ही सैन्ये आपापल्या जागी परततात. कॅमेऱ्याने बाजू घेतली नाही. निष्फळता कोणत्याही संवादाविना सिद्ध झाली. बर्लिनमध्ये १९३० च्या डिसेंबरात नाझींनी या चित्रपटाचे खेळ उधळून लावले व लवकरच त्यावर बंदी आली. केवळ मारधाड म्हणून ज्याकडे पाहावे, त्याची अशी धास्ती कोणी घेत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला मायकेल कर्टिझ यांचा ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’ (१९३६) आहे. त्यातील घोडदळाची अखेरची धाव आजही श्वास रोखायला लावते. मात्र १८५४ च्या बालाक्लाव्हा येथील त्या धावेचे कारण म्हणून एका काल्पनिक हिंदुस्थानी संस्थानिकाने केलेले हत्याकांड दाखविले आहे. हे हत्याकांड उघडच १८५७ च्या कानपूरवरून घेतलेले असल्याने परिणाम कारणाच्या तीन वर्षे आधी घडतो! शिवाय पायांत तारा अडकवून घोडे पाडण्याच्या पद्धतीमुळे चित्रणात अनेक घोडे दगावले. ‘जेसी जेम्स’ (१९३९) मध्ये कड्यावरून पाण्यात लोटलेल्या घोड्याच्या मृत्यूनंतर लोकमत प्रक्षुब्ध झाले आणि १९४० पासून प्राणिकल्याण संस्थेची देखरेख हॉलिवूडमध्ये सुरू झाली. दृश्याची किंमत कोणी चुकविली, हाही मूल्यमापनाचाच भाग आहे.

‘वास्तववादी’ या विशेषणाबाबतही सावधगिरी हवी. फोर्ड यांनी ‘द बॅटल ऑफ मिडवे’ (१९४२) या माहितीपटात बॉम्बस्फोटाने हादरलेल्या कॅमेऱ्यातील विस्कळीत चित्रे तशीच ठेवली. त्या चित्रणात ते स्वतः जखमीही झाले होते. जॉन ह्यूस्टन यांच्या ‘द बॅटल ऑफ सान पिएत्रो’ (१९४५) मध्ये मात्र बरीचशी लढाई नंतर पुन्हा घडवून चित्रित केलेली होती आणि तेथेही कॅमेरा हादरतो. पुढे ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ (१९९८) मधील ओमाहा किनाऱ्याच्या प्रसंगात हाच हादरा हेतुपुरस्सर योजला गेला. म्हणजे हलणारी चौकट हा प्रथम अपघात होता, मग संकेत झाला. प्रेक्षक ज्याला सत्य समजतो, ती बरेचदा एक स्थिरावलेली शैली असते.

भारतीय संदर्भ :

रमेश सिप्पी यांच्या ‘शोले’ने (१९७५) कुरोसावा आणि सर्जिओ लिओने या दोघांचेही ऋण घेतले. पनवेल परिसरात चित्रित झालेल्या रेल्वेवरील हल्ल्यासाठी परदेशी साहसदृश्य-दिग्दर्शकांना पाचारण करण्यात आले होते. मूळ शेवटात हात गमावलेला ठाकूर खिळे ठोकलेल्या बुटांनी गब्बरला ठार करतो. आणीबाणीच्या काळात अभ्यवेक्षण मंडळाच्या आक्षेपामुळे हा शेवट बदलून पोलिसांना मध्ये आणावे लागले. मूळ शेवटासह पुनरुज्जीवित केलेली प्रत २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथील महोत्सवात दाखविण्यात आली. तोपर्यंत या चित्रपटातील हिंसेविषयी झालेली बहुतेक चर्चा बदललेल्या शेवटाच्या आधारेच झाली होती.